दादाने ऐकलेला तडा

ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. भाजीवाला, शेजारी, तळ्यावरचे गळवाले, सगळे. तिला खरोखर बहीण म्हणणारा जगात एकच माणूस होता, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा दादा. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि रविवार मासे पकडण्यात.

घरात बसून तिचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा दादाच तिला तळ्यावर घेऊन गेला. रॉड घ्यायचा ठरल्यावर त्याने तिला घाई करू दिली नाही. दुकानात रॉडला रीळ लावून तो एका बोटावर तोलायला लावायचा. शेंडा छताला हलकेच टेकवून काठी कुठून वाकते ते दाखवायचा. बुडापासून वाकणारी नको, नुसतं टोक वाकणारी नको, असं करत सहा महिने गेले. शेवटी हातात घेतल्यावर काही घेतलंय असं वाटूच नये, इतका हलका कार्बनचा रॉड तिने निवडला. दादाने तो दोनदा हवेत फिरवला आणि बराच वेळ हातातून सोडला नाही. त्याच्याकडे स्वतःचा जुना, जाडजूड फायबरचा रॉड होता.

निगा कशी राखायची तेही त्यानेच शिकवलं. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचं, ब्रेकची चकती सैल करून ठेवायची, तेल एकच थेंब, ग्रीस फक्त दात्यांना. सिस्टरला यात नवीन काही नव्हतं. कात्र्या-चिमटे जसे मांडायची, तसं तिने रॉडचं सगळं सामान मांडलं. धागा ज्यातून जातो त्या कड्यांपैकी शेंड्याकडून दुसरीची बांधणी सुटली, तेव्हा तिने ती हिरव्या रेशमाने स्वतः बांधली, टाके घालताना बांधतात त्या गाठींनी.

दुसऱ्या वर्षी तिला दादापेक्षा जास्त मासे लागायला लागले. तळ्यावरचे लोक त्याला चिडवत, गुरूने आता शिष्येची पिशवी धरावी म्हणत. दादाही हसायचा.

त्याच पावसाळ्यानंतर एका सकाळी तो तिच्या घरी आला. रॉड खिडकीपाशी नेऊन, नखाने टकटक करत, कान लावून बसला. मग म्हणाला, "तडा गेलाय. आवाज बद्द येतोय."

तिनेही कान लावला. तिला सगळीकडे एकच आवाज आला. पण चाळीस वर्षांचा कान त्याचा होता. कार्बन फुटला की त्याच्या सुया उडतात, डोळ्यात जातात, असं त्याने सांगितलं. टाकून द्यायलाही मीच नेतो, म्हणाला. तिने रीळ काढून ठेवलं आणि रॉड त्याच्या हाती दिला.

नवा रॉड त्यानेच निवडून दिला. चांगला दणकट आहे, आयुष्यभर जाईल, असं म्हणाला. तो बांबूसारखा ताठ होता. तासाभरात तिचा उजवा खांदा भरून यायचा, मासा जोर करू लागला की धागा तुटायचा. तिने तक्रार केली तेव्हा दादा मायेने म्हणाला, "आपलं वय झालं आता. खांद्यालाही कळतं ते."

तिला ते पटलं. हिवाळ्यात तिने तळ्यावर जाणं सोडलं. पुढे दोन वर्षं कोणी विचारलं की ती खांद्याला हात लावून हसायची.

मग कपाट आवरताना जुनं रीळ सापडलं. ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून ती दुकानात घेऊन गेली. दुकानदारीण बाई ते फिरवून बघत होत्या, तेवढ्यात सिस्टरचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. दूरच्या कुठल्या तरी तलावावरची स्पर्धा होती. दादा हातभर मासा घेऊन उभा होता, दुसऱ्या हातात रॉड. फोटो मोठा होता. शेंड्याकडून दुसऱ्या कडीवर हिरवा पट्टा दिसत होता.

हा रॉड दुकानात कधी आला होता का, असं तिने विचारलं. दुकानदारीण बाई कौतुकाने म्हणाल्या, "दरवर्षी तपासून घ्यायला आणतात की. कुठे एक ओरखडा नाही. दादा म्हणतात, बहिणीने हौसेने दिलाय."

सिस्टर रीळ परत पिशवीत टाकून तिथून सरळ दादाकडे गेली. दुपारची वेळ होती. वहिनीने दार उघडलं आणि चहा टाकायला आत वळली. बाल्कनीत, दोरीवरच्या कपड्यांमागे, रॉड भिंतीला टेकवून ठेवला होता. सिस्टरने तो उचलला आणि पलंगावर बसलेल्या दादासमोर धरला.

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "फेकणारच होतो. मग एकदा वापरून बघितला."

"तडा होता का?"

तो पलंगावरची चादर सारखी करत राहिला.

"मागितला असतास तर मी दिला असता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तेच नको होतं. तुला सगळं मी शिकवलं, आणि तुझ्याकडेच हात पसरायचा?"

वहिनी कप घेऊन दारात थबकली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मला तर तुम्हीच दिलाय म्हणून सांगितलं होतं."

सिस्टरने तिच्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला. मग दादाकडे वळली. "रॉडचं जाऊ दे. माझं वय झालं म्हणालास, ते कशासाठी? दोन वर्षं मी या खांद्याला घाबरून साधी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही."

उत्तराची वाट न पाहता ती रॉड घेऊन निघाली. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ती एकटीच तळ्यावर गेली आणि नेहमीच्या जागेऐवजी समोरच्या काठावर बसली. दुपारपर्यंत तिला तीन मासे लागले. खांदा दुखला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दादाचा अधूनमधून फोन येतो. ती उचलते, वहिनीचा गुडघा कसा आहे विचारते, मासे सोडून बाकी सगळं बोलते. रॉड परत का नेलास असं त्याने कधी विचारलं नाही, आणि चुकलो असंही तो म्हणाला नाही.

बारीक तडा शोधायची एक युक्ती तिला नंतर दुकानदारीण बाईंनी सांगितली. कापसाचा बोळा बुडापासून शेंड्यापर्यंत फिरवायचा. कुठे चीर असेल तर कापसाचा धागा अडकतो. आता दर रविवारी निघण्याआधी ती बोळा फिरवते, सावकाश, दोनदा. कापूस कुठेच अडकत नाही. अडकावा असं तिला वाटतं. केसाएवढी का होईना, चीर निघावी, म्हणजे दादाला त्या दिवशी खरंच काहीतरी ऐकू आलं होतं असं तरी म्हणता येईल.