नथीचा मासा

मांडीपर्यंत चिखलात रुतलेला सावळाराम गुरव हातातला मासा उलटासुलटा करून बघत होता. नाक मोकळंच. त्यानं मासा घागरीत सोडला आणि देवळामागच्या बारवेत नेऊन ओतला. कालपासूनचा हा अकरावा. हवा होता तोच सापडत नव्हता.

चाकणच्या वाटेवरचं खांबतळे गाव म्हणजे देवीचं देऊळ, त्यापुढचं तळं आणि तळ्यातले देवीचे मासे. सुटीला पुण्याची माणसं डबे बांधून यायची, माशांना चुरमुरे टाकायची. त्यांना सगळं फिरवून दाखवायचं काम सावळारामचं. पण बावन्न साली पावसानं पाठ फिरवली आणि त्रेपन्नच्या वैशाखात तळ्याचं डबकं झालं.

येणारा प्रत्येक जण विचारी तो नथीचा मासा. ती नथ सावळारामच्या छबूची. सात वर्षांची पोर मुदतीच्या तापानं पडली, तेव्हा तो नवस बोलला, पोर उठली तर तिची नथ तुझ्या माशाला घालीन. पोर उठली नाही. यानं नवस तरीही फेडला. लोक म्हणाले, खूळ लागलं. लागलंही असेल. पण तेव्हापासून सकाळी पाण्यात पिवळं काही चमकलं की त्याचा दिवस बरा जाई. तेवढंच उरलं होतं पोरीचं.

भर दुपारी तो बारवेच्या पायरीवर टेकला होता. दुष्काळी कामावर खडी फोडणारी ठकुबाई समोर येऊन उभी राहिली. खांद्यावर तिची पोर झोपलेली. तिनं पदराची गाठ सोडून हात पुढे केला.

"गुरवबाबा, ह्ये तुमच्या देवीचं."

तळहातावर नथ होती. सावळारामनं ती लगेच ओळखली.

"कुठं गावली?"

"मासा चिखलात तडफडत व्हता. पोरीच्या पोटात दोन दिस कायबी न्हवतं. म्या शिजवून घातला." तिनं खांद्यावरची पोर सावरली. "पाप लागंल त्ये मला लागू द्या. पर सोनं देवीचं. ते न्हाई ठिवायची मी."

देवीचा मासा खाणाऱ्याला गाव सोडत नसे. मागं एका गड्याला मारून शिवेबाहेर घातलं होतं. आरोळी ठोकावी, हिचं तोंड फोडावं, असं सावळारामला वाटलं. तो उठलाही. मग त्याची नजर झोपलेल्या पोरीवर गेली. तोंड उघडं टाकून, निवांत झोपली होती.

"पोटभर खाल्लं का तिनं?"

"व्हय. दोनदा मागून घेतलं."

त्यानं नथ उचलली. "जा कामावर. कुनाला बोलू नगंस."

ती खडीच्या ढिगाकडे गेली आणि इकडून अर्जुनराव पाटील एका पाहुण्याला घेऊन आले. पुण्याचे मास्तर होते. गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं यावर छोटं पुस्तक लिहीत होते.

"सावळाराम, दाव ह्यांना समदं," पाटील म्हणाले.

सावळारामनं नेहमीचं सुरू केलं. "ह्ये तळं जुन्या काळच्या दुष्काळात खणलं. हितल्या सरदारानं सांगितलं, रयत उपाशी मरता कामा न्हाई. खणंल त्याला भाकर. तळं झालं मागनं, आदी पोटं भरली." पुढचं त्याला पाठ होतं, पण आज जीभ तिथेच अडली. खडीवर हातोडीचा आवाज येत होता.

"आणि तो नथीचा मासा?" मास्तरांनी वहीचं पान उलटलं. "त्याचं फार ऐकलंय."

"हाय की. खोल पान्यात असतो."

मास्तरांनी तळ्याकडे पाहिलं. मध्ये मांडीभर चिखल, बाकी सगळी जमीन भेगाळली होती.

"खोल पाणी? कुठे आहे?"

पाटलांनी डोळे बारीक केले. त्यांनी सावळारामकडे पाहिलं, मग त्याच्या आवळलेल्या मुठीकडे.

नथीचं टोक तळहातात रुतलं होतं. सावळारामनं मूठ न उघडताच हात वर केला आणि वाळलेल्या तळ्याच्या मध्यावर दाखवलं.

"तितं," तो म्हणाला.