हळूसरांचा अंगठा

काबाईचा हात टँकच्या भिंतीला लागला तेव्हा हळूसरांचा अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावरच होता. तो तिथं नुसता बसून राहिला, पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा, आणि मग आपल्या सवडीनं खाली गेला.

"चार नंबर?" टँकच्या पलीकडून जोरसरांनी विचारलं.

हळूसरांनी आकडा वाचला. आवाज अगदी स्वच्छ होता. वाचण्यात खोटं काही नव्हतंच; घड्याळात तोच आकडा होता.

जोरसरांनी मान वर करून त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग म्हणाले, "पाच नंबर?"

जोरसरांच्या स्पर्धेच्या गटाची निवड संपली तेव्हा काबाई एका जागेसाठी राहिली होती. ती पाण्यातच, लेनच्या दोरीला काखेत धरून लोंबकळत होती.

"राहिले?" तिनं विचारलं.

"राहिलीस. पुढच्या वर्षी बघू."

"बरं."

हळूसर वाट बघत उभे राहिले. पुढचा शब्द त्यांना ठाऊक होता. तो आला नाही. काबाई दोरीखालून गेली आणि शिडीनं वर चढून कपडे बदलायला निघून गेली.

आता, काबाईला काबाई म्हणत त्यालाच कारण होतं. ही अकरा वर्षांची मुलगी क्लबात आल्यापासून "का?" विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालत नसे. श्वास सोड म्हटलं की "का?" नवा घ्यायला जागा होते म्हणून. "मग जुना का नाही पुरत?" टोपी घाल. "का?" केस गाळणीत अडकतात म्हणून. "मग टक्कल असलेल्या काकांना का घालायला लावता?" दारावरचा वॉचमन म्हणायचा, ही पोरगी पुढं एक तर वकील होणार नाही तर सासू. असल्या मुलीनं "बरं" म्हणावं, हे काही बरं लक्षण नव्हतं.

हळूसर आणि जोरसर ही नावंही पोरांनीच ठेवलेली, त्यामुळे अचूक होती. हळूसर लहान टँकवर उभे राहून दिवसभर एकच म्हणत: "हळू. हळू. पाण्याशी भांडू नका, ते तुमच्याआधीपासून इथं आहे." त्यांच्याकडे सुरुवातीचे कितीतरी दिवस पोरं नुसती पाण्यावर पडायला शिकत. बाकावर बसलेले पालक वैतागत. "फी भरून झोपायला शिकवतात. घरी काय कमी झोपतो का हा?" जोरसर मोठ्या टँकच्या काठानं पोरांच्या बरोबरीनं धावत आणि ओरडत: "जोर! जोर! अजून जोर!" त्यांची पोरं लाल डोळ्यांनी, लटपटत्या पायांनी बाहेर येत आणि वर्षाच्या शेवटी मेडलं आणत. हळूसरांची पोरं मेडलं आणत नसत, पण बुडतही नसत. आणि न बुडण्याचं मेडल अजून कोणी काढलेलं नाही.

हे दोघं एकमेकांना पाण्यात बघत असणार अशी बाकावरच्या पालकांची खात्री होती. प्रत्यक्षात दोघं इतकी वर्षं गाळणीच्या पंपाच्या खोलीत बसून एकाच थर्मासातला चहा पीत होते आणि फक्त आपापल्या गुडघ्यांविषयी बोलत होते.

रीत अशी होती, की हळूसरांनी पोर तरंगतं करायचं आणि ते पळायला लागलं की जोरसरांनी न्यायचं. रोपवाटिकेवाल्यानं रोप विकताना रडू नये, हे हळूसरांना कळत होतं. पण मध्ये एक लांब्या होऊन गेला होता. पाण्यावर असा पडायचा, की पान पडलंय असं वाटावं. मोठ्या टँकवर गेला, मेडलांनी ऑफिसातलं काचेचं कपाट भरलं, आणि एक दिवस टोपी खुंटीला लावून गेला तो परत आलाच नाही. परवा औषधाच्या दुकानात रांगेत भेटला.

"पोहतोस ना?" हळूसरांनी विचारलं.

"नाही हो सर. पाण्याचा वाससुद्धा नको वाटतो," लांब्या म्हणाला, आणि अगदी गोड हसला.

ते हसू हळूसरांच्या डोक्यातून जात नव्हतं. काबाईच्या वेळी अंगठा थांबला तो त्यामुळं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसरंही एक कारण होतं. इतक्या वर्षांत एक तरी आपल्याकडे राहावं, हे ते कारण. त्याच्याकडे ते थेट बघत नव्हते. लग्नात नको असलेला नातेवाईक दिसला की आपण मांडवाची शोभा बघतो, तसं.

घरी त्यांच्या पायाला भिंगरी लागली. फ्रिज उघडला, आत बघितलं, बंद केला. पुन्हा उघडला. मग पाना घेऊन मोरीचा नळ आवळायला बसले.

"दिवसभर लोकांच्या पोरांना हळू हळू म्हणता," बायको म्हणाली, "आणि घरात तुमचं हे असं. काय झालंय?"

"कुठं काय?"

"नळ गळत नाहीये. ठेवा तो पाना."

त्यांनी पाना ठेवला. मग तो नीट ठेवला नाही म्हणून उचलून दुसरीकडे ठेवला. अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत त्यांनी काबाईसाठी उत्तरं तयार केली. खांदे अजून कोवळे आहेत. घाई कशाला. वर्षभरात किक सुधारेल. तिनं "का?" विचारलं की यातलं कुठलंही चालण्यासारखं होतं.

तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर. पाठीवर पड म्हटलं, पडली. वळ म्हटलं, वळली. तयार भाषण खिशात घेऊन फिरणाऱ्या आणि माईक न मिळालेल्या पाहुण्यासारखे हळूसर काठानं येरझाऱ्या घालत राहिले. मग काबाई पोहायला लागली आणि ते जागीच थांबले. ती पाण्याला कपडे धुतल्यासारखी बडवत होती. हात आपटत होते, मान ताठ, तोंड वेडंवाकडं. जोरसरांचा सगळा जोर तिनं उचलला होता आणि त्यांची अक्कल तेवढी तिकडेच ठेवली होती.

"हळू," ते म्हणाले. "अगं, हळू."

ती थांबली. चष्मा कपाळावर सरकवला.

"हळूनंच राहिले ना, सर," ती म्हणाली. रागानं नाही, बस चुकली हे सांगावं तसं.

आठवडा असाच गेला. मग काबाईची आई आली. ती शिवणकाम करायची आणि दुकानातून तशीच यायची, टेप गळ्यातच.

"सर, जरा बोलायचं होतं. ही जेवत नाहीये."

"जेवत नाही?"

"दोन घास खाते आणि उठते. म्हणते, मी जड झाले म्हणून मागं पडले. माझीच टेप घेऊन कंबर मोजत बसते आरशासमोर. तुम्ही काही बोललात का तिला, जाड वगैरे?"

"मी? छे, छे."

"तेच म्हटलं मी. हळूसर कशाला बोलतील? मी तिला सांगितलं, अगं एखाद दिवस होतं असं. तर म्हणते, घड्याळ काय खोटं बोलतं का? आता यावर मी काय बोलू?" तिनं टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुम्ही समजवा ना. तुमच्यावर लई विश्वास आहे तिचा."

हळूसर हो म्हणाले. त्यांना वाटलं, या बाईनं त्यापेक्षा त्या टेपनं दोन फटके दिले असते तर सोयीचं झालं असतं.

दुपारी पंपाच्या खोलीत जोरसर थर्मासचं झाकण फिरवत होते. हळूसर ताकाला गेले, पण भांडं काही पुढं करेनात. गुडघ्यापासून सुरुवात केली. डावा जरा बरा आहे. उजवा मात्र जिना चढताना बोलतो. क्लोरीन या खेपेला उग्र आलंय.

"बोला की," जोरसर म्हणाले. "कधीपासून गुडघ्याभोवती फिरताय."

"त्या दिवशी चार नंबरचं घड्याळ मी उशिरा थांबवलं."

"माहितीये."

पंप घरघरत होता. हळूसरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माझ्या हातात पण घड्याळ असतं," जोरसर म्हणाले. "मी सगळ्यांची वेळ घेतो. सवय."

"मग बोलला का नाहीत?"

जोरसरांनी दोन्ही कप भरले. त्यांचा आवाज काठावर एवढा मोठा असे, की खोलीत तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नसे.

"मला वाटलं, तुम्हाला काहीतरी दिसलं असणार. खांदा, पाठ, काहीतरी. तुम्हाला दिसतं बुवा पोरांचं. मला नाही दिसत, मला आकडा दिसतो. त्या लांब्याच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, याला जरा थांबवा. मी कुठं ऐकलं? म्हणून म्हटलं, या वेळी हळूसर थांबवतायत ना, मग थांबू दे." त्यांनी कप पुढं केला. "काय दिसलं होतं?"

ते खरंच विचारत होते. शिकाऊ मुलगा विचारतो तसं.

हळूसरांना त्या क्षणी एखादा खांदा सहज पुढं करता आला असता. जोरसरांनी तो कपाळाला लावून घेतला असता.

"काही नव्हतं," ते म्हणाले. "पोरगी ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला ती द्यायची नव्हती."

"च्यायला," जोरसर म्हणाले. चिडून नव्हे, दाढेतलं सिमेंट निघून हातात आल्यासारखे. "मी वर्षाला सहा-सात नेतो तुमच्याकडची. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलून काय?"

"ते पण खरंय." त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "उद्या परत घेऊ तिची वेळ. घड्याळ मात्र तुम्ही धरायचं नाही."

"तुम्ही धरा."

"मी नको. मला ती पाहिजेच आहे, माझा अंगठा लवकर पडायचा. वॉचमनला देऊ. आणि पोरीला सांगायचं कोणी?"

"मीच सांगतो."

संध्याकाळी काबाई ओल्या वेण्या पिळत फाटकापाशी उभी होती. आई पलीकडे स्कूटर वळवत होती. हळूसर तिच्याजवळ गेले, चप्पल काढली, उगाचच झटकली, पुन्हा घातली.

"ऐक. तू मागं पडली नव्हतीस. मी बटण उशिरा दाबलं."

"चुकून?"

तिनं तो शब्द, बुडणाऱ्याकडे ट्यूब फेकावी तसा, स्वतःहून त्यांच्याकडे फेकला होता. हात पुढं केला की झालं.

"नाही. मुद्दाम."

काबाई चष्म्याची काच अंगठ्यानं पुसत राहिली. ती स्वच्छ झाली तरी पुसत राहिली.

"म्हणजे मी जड नाहीये?"

"अजिबात नाही."

"मग का?"

आता आला, इतक्या दिवसांनी. आणि कोवळे खांदे, किक, पुढचं वर्ष, सगळी तयारी नेमकी आत्ता कुठं गेली होती कोण जाणे.

"तू माझ्याकडेच राहावीस असं वाटलं," हळूसर म्हणाले. "तिकडं गेलेली पोरं मग... काही पोरं पोहणंच सोडतात."

काबाईनं विचार केला. ती विचार करत होती हे दिसत होतं, कारण तिच्या खालच्या ओठाची कड दाताखाली गेली होती.

"पण मला विचारायचं ना, सर," ती म्हणाली.

"हो. विचारायला पाहिजे होतं."

तिनं चष्मा पिशवीत टाकला आणि रोजच्यासारखं "येते सर" न म्हणता गेली. लांबून आईनं हात हलवला. तिला अजून काही माहीत नव्हतं. हळूसरांनीही हात हलवला. दुसऱ्या दिवशी आईनं हात हलवला नाही. तशीच सरळ जाऊन मोठ्या टँकच्या बाकावर बसली.

काबाईची वेळ घेतली जात होती तेव्हा हळूसर लहान टँकमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात, तिकडे पाठ करून उभे होते. पाठ करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पंजावर त्याच आठवड्यात आलेला एक मुलगा उताणा पडला होता. पाण्यात गेला की हातपाय पोटाशी घेऊन गोळा व्हायचा म्हणून त्याला पोरांनी गठुडं नाव दिलं होतं. आज प्रथमच गठुडं सुटलं होतं.

मागं शिट्टी झाली. पाणी फुटलं. "जोर! जोर!" सुरू झालं, आणि मग एकदम थांबलं. "हां, असंच," जोरसर म्हणाले, जवळजवळ माणसासारख्या आवाजात. "असंच येऊ दे."

हळूसरांनी गठुड्याच्या पाठीखालचा हात बोटाबोटानं सैल केला आणि काढून घेतला. गठुडं छताकडे बघत तरंगत राहिलं.

"सर, हात आहे ना खाली?"

सगळी पोरं हे विचारतात. इतकी वर्षं ते "आहे" म्हणत आले होते. लांब्या त्या एका शब्दावर तरंगला होता, काबाईही.

"नाही," हळूसर म्हणाले. "मघाशीच काढलाय."

गठुडं तत्काळ बुडालं. नाकातोंडात पाणी गेलं, वर आलं, खोकलं, लालबुंद झालं आणि हळूसरांच्या गळ्याला मिठी मारून किंचाळलं, "मग सांगितलं कशाला!"

मागं वॉचमननं आकडा मोठ्यानं वाचला. बाकावर टाळ्या झाल्या. आकडा काय येणार, हे हळूसरांना त्या निवडीच्या दिवसापासूनच माहीत होतं. त्यांनी वळून बघितलं नाही. गळ्यात रुतलेली बारकी बोटं एकेक करून सोडवली आणि हात पुन्हा पाण्याखाली धरला.

"पड पाठीवर," ते म्हणाले. "आता आहे."