उजव्या हाताची गाडी

आर्डिथ गेल्याचं आमच्या खोऱ्याला कळलं ते टपाल लवकर आल्यामुळे.

माझी बायको एकतीस वर्षं टॅनर्स फोर्डच्या डोंगरातल्या रस्त्यांवर टपाल वाटत होती, आणि एकतीस वर्षांत टपाल कधी वेळेवर आलं नव्हतं. पेटीपाशी कुणीतरी उभं असायचंच, आणि उभ्या माणसाशी न बोलता पुढे जाणं तिला जमायचं नाही. कुणाची गाय व्याली, कुणाचा गुडघा बदलला, हे सगळं पत्रांबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. मार्चमधल्या त्या मंगळवारी बदलीचा माणूस आला, भराभर पेट्या भरून गेला, आणि लोक हातात विजेचं बिल घेऊन एकमेकांना फोन करायला लागले. "तुझ्याकडे टपाल आलं? इतक्या लवकर? अरे, मग आर्डिथला काय झालं?"

तिचं हृदय बंद पडलं होतं. सकाळी, कामावर निघताना. एक बूट घालून झाला होता.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. बायका झाकलेली भांडी घेऊन आल्या. टेबलावर बटाट्याचं तेच सॅलड चार घरचं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"राजा, आर्डिथला दे जरा फोन! बातमी गोड आहे!"

ही बाल्टिमोरच्या बंदरातली रोझलिन. बाहेरून आलेल्या गाड्या सोडवून देणं हा तिचा धंदा. ती सगळ्यांनाच राजा म्हणते.

मी म्हणालो, "आर्डिथ आज सकाळी वारली."

तिचा आवाज खाली आला. मग म्हणाली, "अरे राजा. तिची गाडी मिळाली रे लिलावात. काल रात्री, जपानमध्ये." आणि लगेच, "गाडीचं नंतर बघू. तू आज काहीतरी खा."

मी चारही घरचं सॅलड खाल्लं.

गाडीचं असं होतं. आमच्या देशात गाडीचं चाक डावीकडे असतं आणि टपालाच्या पेट्या रस्त्याच्या उजवीकडे. डोंगरातले टपालवाले स्वतःच्या गाड्या वापरतात. त्यामुळे आर्डिथ उजवीकडच्या सीटवर बसायची, डावा पाय लांब करून ब्रेकवर ठेवायची, डाव्या हातानं चाक धरायची आणि उजव्या हातानं पेट्या भरायची. रोज, अख्खा दिवस. त्यात तिचं कंबरडं गेलं. म्हणून तिला उजव्या चाकाची जपानी व्हॅन हवी होती, ती छोटी, पावाच्या लादीसारखी चौकोनी. ती इथे विकतच नाहीत. बाहेरून आणायची तर गाडी पंचवीस वर्षांची झालेली असावी लागते, त्याआधी बंदरातून आत सोडत नाहीत. आर्डिथ म्हणायची, "माणसाला दारू एकविसाव्या वर्षी मिळते, गाडीला अमेरिका पंचविसाव्या." तिनं जी निवडली होती ती ऑक्टोबरमध्ये पंचवीसची होणार होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भाच्यांच्या वाढदिवसांशेजारी तिनं गाडीचाही वाढदिवस लिहून ठेवला होता. या गाड्यांच्या नादी लागलेली सगळी माणसं तसंच करतात. त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण गाडी कुठल्या महिन्यात बनली ते पाठ असतं.

आठवड्याभरानं मेव्हणी आली. नेड्रा. आर्डिथची धाकटी बहीण, खालच्या वळणावर राहते.

"विकून टाक ती," ती म्हणाली.

"अजून आलीच नाही."

"मग न आलेली विक. वर्जिल, तू जन्मात शेजारच्या ओहायोच्या पलीकडे गेला नाहीस. करवतीच्या कारखान्यातून घरी आणि घरून कारखान्यात. तू जपानची गाडी काय करणार?"

"मुरंबा वाटणार," मी म्हणालो.

नेड्रानं पर्स उचलली आणि घरी निघाली. 

दर ऑक्टोबरमध्ये आमच्या चर्चच्या अंगणात तांब्याची मोठी कढई चढते आणि सफरचंदाचा मुरंबा आटवतात. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत लांब दांड्याच्या लाकडी पळीनं ढवळायचं. तळाला लागू नये म्हणून कढईत तांब्याची नाणी टाकतात. आर्डिथ त्यातल्या बरण्या आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला द्यायची. पेटीत टपालाशिवाय काही ठेवायची कायद्यानं बंदी आहे, म्हणून ती बरणी पिशवीत घालून पेटीच्या खांबाला अडकवायची. दरवर्षी मी आमचा ट्रक चालवायचो आणि ती अडकवायची. या वर्षासाठी तिचं ठरलं होतं: "यंदा मी चालवणार. तू बरण्या मांडीवर घेऊन गुपचूप बस. बोलायचं काम माझं, धरायचं काम तुझं."

म्हणून मुरंब्याच्या शनिवारापर्यंत मला ती गाडी दारात हवी होती. बाकी मला काही नको होतं.

ठरलेलं जहाज त्या शनिवारनंतर पोचणार होतं, म्हणून मी रोझलिनला म्हणालो, "आधीच्या जहाजात चढव."

"राजा, ऑक्टोबरच्या आत आली तर आत घेत नाहीत. अल्पवयीन आहे ती."

"जहाज कधी वेळेच्या आधी येतं का?"

"हे जहाज येतं," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. आमच्याकडे एकतीस वर्षांत काहीच वेळेच्या आधी आलं नव्हतं, त्यामुळे ही भीती मला खरी वाटेना.

जहाज सप्टेंबरच्या मध्यावर आलं.

रोझलिनचा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो. "अभिनंदन, राजा. तुझी गाडी आली आणि ती चोवीस वर्षांची आहे."

"मग आता?"

"आता एक तर परत जपान. नाहीतर मी तिला बंदरातल्या कुंपणाआड उभी करते. तिथे ठेवलं तर ती अजून देशात आलीच नाही असं धरतात. वाढदिवस झाला की फाटक उघडायचं."

"म्हणजे ती आलीय, पण आलेली नाही."

"बरोब्बर. तुला सरकारात नोकरी मिळेल."

ही गोष्ट दुकानातून चर्चमध्ये आणि चर्चमधून सगळ्या खोऱ्यात गेली. जो भेटेल तो विचारायचा, "काय वर्जिल, पोरगी सज्ञान झाली का?" माझा मित्र कॉय, ज्याच्याकडे गाड्या ओढायचा ट्रेलर आहे, तो म्हणाला, "म्हाताऱ्या, लोक जुनी गाडी घेऊन पस्तावतात. गाडी पुरेशी जुनी नाही म्हणून अडकलेला मी तुलाच एकट्याला पाहिलं."

एक ऑक्टोबरला कॉयचा ट्रेलर घेऊन आम्ही अंधारातच निघालो. नेड्रा मागच्या सीटवर होती, मांडीवर झाकलेलं ताट घेऊन.

"त्यात काय आहे?" कॉयनं विचारलं.

"तुझ्यासाठी नाही."

"वास गाजराच्या केकचा येतोय."

"वाढदिवस आहे ना कुणाचा तरी," नेड्रा म्हणाली. "रिकाम्या हातानं जायची आमच्या घरात रीत नाही. आणि वर्जिल, तू माझ्याकडे असं बघू नकोस. मला अजूनही ही गाडी विकायलाच हवी असं वाटतं."

बंदरात कुंपणापाशी आमच्यासारखी आणखी माणसं उभी होती. सगळ्यांच्या गाड्या याच महिन्यात पंचवीसच्या होत होत्या. दात काढणारे एक डॉक्टर पेनसिल्व्हेनियाहून आले होते. त्यांची गाडी लाल, जमिनीला चिकटलेली, शर्यतीची. आमची तिच्या शेजारी उभी होती. पांढरी, अरुंद, उंच, सायकलीसारखी चाकं. डॉक्टरांनी विचारलं, "तुमची कुठली?"

मी बोट दाखवलं.

"तिच्यात बसतात की तिला पाठीवर घेतात?"

"तुमच्या गाडीत झोपून जावं लागत असेल," नेड्रा म्हणाली. "केक हवाय का?"

केक हवा होता. रोझलिन आली, मी कल्पना केली होती त्याच्या निम्मी उंच आणि दुप्पट मोठ्या आवाजाची. तिनं मला मिठी मारली आणि नेड्राला मिठी मारली. कॉय आपणहून पुढे झाला. कुंपणाच्या जाळीपाशी आम्ही मेणबत्ती लावली, वाऱ्यानं ती विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. डॉक्टर म्हणाले, "विझली म्हणजे झालं की! वाढदिवसाला तेच तर करतात." मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फाटकावरच्या माणसाला मोठा तुकडा मिळाला, पण म्हणून आमचं काम लवकर झालं नाही. दुपार झाली.

शेवटी किल्ली हातात आली. मी गाडीकडे गेलो, दार उघडलं, आत बसलो, दार ओढून घेतलं, आणि हात पुढे केला तर समोर चाक नाही.

बाहेर सगळे हसत होते. रोझलिननं काचेवर टकटक केली. "पहिल्या दिवशी सगळे डावीकडेच बसतात, राजा. एकानं सीटचा पट्टासुद्धा लावला होता."

मी लगेच उतरलो नाही. आर्डिथनं सांगितलं होतं ती माझी जागा हीच होती. बरण्या धरायची. मी जरा बसलो, मग उतरलो आणि पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो.

घरी आणल्यावर दहा-बारा दिवस मी चर्चच्या अंगणात शिकलो. गिअर डाव्या हातानं बदलायचे, तो हात माझा कारखान्यातल्या करवतीत सापडून अर्धा आखडलेला. वळायचा दिवा आणि काच पुसायचं बटण आमच्या गाड्यांच्या उलट बाजूंना. मी वळलो की पुसण्या चालू व्हायच्या. कॉय पायरीवर बसून ओरडायचा, "वर्जिलवर पाऊस पडतोय! ऊन आहे, पण वर्जिलवर पडतोय!" माझे गुडघे चाकाला लागायचे. रिव्हर्समध्ये टाकली की गाडी टिंग टिंग वाजायची आणि पाद्रीबाबांचा कुत्रा उत्तर द्यायचा. मार्चनंतर इतका हसलो नव्हतो. घरी जाऊन मला त्याचं वाईट वाटलं, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

मुरंबा झाला. यंदा आर्डिथची पाळी नेड्रानं ढवळली आणि कुणालाही पळी दिली नाही. रविवारी प्रार्थना झाल्यावर आम्ही बरण्या व्हॅनमध्ये भरल्या. मागे खोकी, आणि पुढे डावीकडे नेड्रा, मांडीवर पहिल्या खोक्यासह.

"बोलायचं काम कुणाचं?" तिनं विचारलं.

"कुणाचंच नाही. अडकवायचं आणि पुढे जायचं. अंधाराच्या आत संपवायचं."

पहिली पेटी चर्चपुढच्या वळणावरची, म्हातारे ओरेन बीन यांची. मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली, हात बाहेर काढला. आणि पेटी तिथेच होती. वाकायचं नाही, सरकायचं नाही, पाय लांब करायचा नाही. हात जिथे संपतो तिथे खांब. मी पिशवी अडकवली आणि हात तसाच ठेवला.

"काय झालं?" नेड्रानं विचारलं.

"काही नाही. सोपं आहे."

"किती सोपं?"

"खूपच."

नेड्रानं खिडकीबाहेर, तिच्या बाजूला पाहिलं. तिकडे नुसती झाडी होती. 

मी गिअर टाकला, पुसण्या चालू झाल्या, आणि ओरेन बीन चपला फटकारत बाहेर आले. "थांब, थांब! हीच का ती? आर्डिथ मला मागचं वर्षभर हिचंच सांगत होती. वर्जिलला हिच्यात दुमडून बसवणार म्हणाली होती!"

"बसवलंच की," मी म्हणालो.

मग त्यांना इंजिन कुठे आहे ते बघायचं होतं. ते सीटखाली आहे म्हटल्यावर त्यांना सीट उचलून बघायचं होतं. मग त्यांनी सांगितलं की त्यांची बायको दवाखान्यात असताना आर्डिथ रोज पत्राऐवजी दोन मिनिटं द्यायची. "पत्रं काय, बिलंच असायची," ते म्हणाले.

पुढच्या पेटीपाशी दोघी बहिणी होत्या. त्यांना गाडीत बसून बघायचं होतं, आणि त्या डावीकडे बसल्या. त्याच्या पुढच्या घरी कॉफी तयार होती. त्याच्या पुढे एकाच्या गायीला वासरू झालं होतं आणि ते मागच्या घरी कळवायचं राहिलं होतं, म्हणून नेड्रा म्हणाली मागे चल. मी मागे वळलो. पुसण्या चालू झाल्या.

मी कधी बोलणारा माणूस नव्हतो. पण पेटीपाशी उभा राहिलेला माणूस काहीतरी विचारतो, आणि खिडकी त्याच्या बाजूला असली की उत्तर द्यावं लागतं.

नदीवरच्या पुलापाशी आलो तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. मिसेस थेल्मा कॉटल शाल गुंडाळून पेटीला टेकून उभ्या होत्या. मी काच खाली केली.

"केवढा उशीर!" त्या म्हणाल्या. "दुपारपासून उभी आहे. मला वाटलं होतंच."

त्यांच्याकडे आम्ही गरम पाव आणि सॉसेजचा रस्सा खाल्ली. मग पुलावरून परत वळलो, कारण अंधारात व्हॅनच्या मिणमिणत्या दिव्यांनी वरचा रस्ता दिसत नाही.

नेड्रानं मागची खोकी मोजायला घेतली आणि सोडून दिलं. "आता विकणार नाहीस ना?" ती म्हणाली.

"तूच विक म्हणत होतीस."

"मी म्हणतच असते. पुढच्या रविवारी किती वाजता?"

पुलापलीकडच्या, लॉरेल फोर्कच्या वरच्या रस्त्यावरची सगळी घरं अजून राहिली आहेत.