नवनाथचा बावटा

साबुदाण्याएवढं वर्तुळ... त्याच्या शेजारी आणखी एक. लेक सुरभीच्या लॅपटॉपवर, अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात, एक 'हो'चं, एक 'नाही'चं, दोन्ही रिकामी – आणि सहदेव चष्मा सरकवून मघापासून त्यांच्याकडेच बघत बसलेला.

"बाबा, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतात का कधी, असं विचारतायत. खरं सांगा हां, शपथेवर आहे."

"थांब गं."

थांब कशाला? मुलाकडे, जितेशकडे अमेरिकेला कायमचं जायचं, दोन वर्षांच्या नातीला एकदाचं मांडीवर घ्यायचं, तर वाट त्या वर्तुळातूनच होती. पण साजगावच्या कारखान्यातला तो संप... तीस वर्षं सहदेवनं टपरीवर सांगितलेला – गेटवर लाल बावटा मीच रोवला, पाच पोलीस लोंबकळले तरी काठी हलली नाही. पुढं पाचाचे पंचवीस झाले, आणि एका वर्षी तर माथेरानहून घोडा उतरला, वर फौजदार बसवून!

बावटा खरं तर सोबतच्या कामगाराचा, नवनाथचा. पक्षाचं कार्ड त्याचं, गेलेली नोकरीही त्याचीच. "सहदेव, काठीला हात लाव रं!" असं तो ओरडला होता, आणि सहदेव... सहदेव मागच्या फाटकानं कामाच्या पाळीवर गेला. नवनाथ वारला, गोष्ट बेवारशी झाली, मग यानं ती दत्तक घेतली.

"एवढी मोठी माणसं या म्हाताऱ्याला भितात काय गं?"

"सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला एका अराजकवाद्यानं गोळी घातली. जन्मला तिथंच, पण आईबाप बाहेरून आलेले. तेव्हापासून येणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते विचारतात. पुढं रशियात क्रांती झाली, मग लालचीही धास्ती."

"म्हंजी गुन्हा घरच्याचा नि झडती पावण्याची!"

"'नाय' लिव गं," चुलीपाशी बसलेली त्याची बायको इंदूबाई म्हणाली. "संपाच्या दिवशी पाळीचा डबा मीच भरून दिलेला त्यांना. नायतर घोड्याचापण अर्ज भरायला लावतील."

म्हणजे हिला माहीत होतं... तीस वर्षं.

सुरभी हसली नाही. "करू ना 'नाही'?"

'नाही' तर धादांत खरं होतं. मग चोरी केल्यासारखं का व्हावं? नवनाथला विचारलं असतं, तर त्यानं बापाच्या नावासकट 'हो' ठोकलं असतं – आणि राहिला असता इथंच, मजेत. या 'नाही'नंतर तो संप कुणाचाच उरणार नव्हता.

सहदेवनं मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्यालाच कळलं नाही. जन्मभर थापा मारल्या, पण या एका खऱ्या 'नाही'नं आला तसा थकवा कधी आला नव्हता.