खटका खराब नव्हता

मी खटका बोलतोय. प्लाझ्मा कटरच्या टॉर्चवर, म्हणजे हातात धरायच्या मुठीवर, चापाच्या आड बसवलेला, नखाएवढा पिवळा खटका. आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला घडवलं ते एकाच कामासाठी. आधी मला अंगठ्याने उचलायचं, मगच चाप दाबला जातो आणि लोखंड कापणारी ज्योत पेटते. चुकून बोट पडलं, धक्का लागला, तर मी आडवा येतो. माणसांचे हात वाचवायचे, एवढंच माझं आयुष्य.

पण मी पडलो झटपटच्या हातात! फाटकं आणि जिने बनवणाऱ्या आमच्या शेडमध्ये त्याला सगळे याच नावाने हाक मारतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. शेड त्याच्या थोरल्या बहिणीची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं, कामाला लावलं. ताई पत्रा धरायची, हा कापायचा.

"दर वेळी हे पिवळं कोण उचलत बसणार? वैताग नुसता!" असं म्हणत पहिल्याच आठवड्यात त्याने मला मागे वाकवलं आणि वरून काळी टेप गुंडाळली. डोळ्यांसाठीची काळी ढाल खिळ्याला, चामडी हातमोजे खिडकीत आणि मी टेपखाली. असा राजेसाहेबांचा कारभार.

"अरे, ते काय शोभेला बसवलंय का?" ताई विचारायची.

"तू नुसती धर गं, ताई. माझा हात बसलाय."

हात बसलाय म्हणे! रोज काही झालं नाही, हीच त्याची अक्कल. माणसांना नशीब आणि कसब यातला फरक कधी कळणार, देव जाणे.

एका दुपारी कापलेला पत्रा ताई सरकवत होती. टॉर्चची केबल टेबलाच्या पायात अडकली. झटपटने वैतागून हिसका दिला, बोट चापावरच होतं. ज्योत थेट ताईच्या उघड्या हातावर पेटली. मी मोकळा असतो तर पेटलीच नसती. तिची किंकाळी मी टेपखाली दबून ऐकली.

तिची दोन बोटं आता मिटत नाहीत. झटपट रडला, खरंच रडला, ते मी नाकारत नाही. पण शेजारी चौकशीला आले तेव्हा हा काय म्हणाला? "खटकाच खराब होता हो!" टेप त्याने आधीच काढून फेकली होती. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

बरी होऊन आल्यावर ताईने आधी मशीनचा प्लग काढला, टॉर्च डाव्या हातात घेतली आणि मला उचलून सोडलं. मी खटकन जागेवर आलो. तिने पुन्हा उचललं. मी पुन्हा आलो.

"हा तर ठणठणीत आहे," ती झटपटला म्हणाली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही हत्यारावर असं काही बांधून ठेवलं असेल तर आधी उठा आणि ते सोडा. माझी कीव नंतर करा.

झटपट आता ढाल लावतो, मोजे घालतो, टॉर्चचं टोक बदलताना मशीन बंद करतो, मला दर वेळी उचलतो. आणि रोज विचारतो, "ताई, पत्रा धरतेस?"

"धरते की. आधी सगळ्यांना सांग, खटका चांगला होता."

तो पत्र्यावर वजनं ठेवून एकटाच कापत बसतो. अजून त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणून आज मला बोलावं लागलं.