सहा महिन्यांच्या दुरुस्त्या

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. लोकांनी म्हातारपणासाठी साठवलेले पैसे कुठल्या कंपनीत गुंतवायचे हे ठरवणारी त्यांची कचेरी. तिथे ते तीस वर्षं कंपन्यांचे अहवाल वाचत होते आणि नवीन येणाऱ्यांना वाचायला शिकवत होते, म्हणून मास्तर. एक नवी मुलगी तिथे कामाला लागली, त्या दिवशी त्यांनी एक अहवाल शेवटच्या पानावर उघडूनच तिच्यापुढे टाकला. "मागून वाच. पुढे अध्यक्षांचा हसरा फोटो असतो, भानगडी मागच्या बारीक टिपांत असतात." चार वर्षं तिने त्यांची बोलणी खाल्ली, दोनदा रडली, पण तयार झाली. आणि त्या तिरसट माणसावर तिचा जीव जडला, त्याला कोण काय करणार?

त्यांचा एक नियम होता. दुसऱ्याची चूक सापडली की त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगायची. "गुपचूप सुधारून ठेवलीस, तर आपण चुकतोय हे त्या बिचाऱ्याला कळायचं कसं?"

मग मास्तरच चुकायला लागले. आधी एक शून्य गळलं. मग एकाच कंपनीचं कर्ज त्यांनी दोनदा धरलं. तिच्या ते लक्षात आलं. पण कोणत्या तोंडाने सांगणार? ते जेवायला उठले की ही त्यांचे कागद सुधारून लिहायची आणि मूळ कागद आपल्या खणात ठेवायची. सहा महिने हेच चाललं. आपण त्यांची अब्रू राखतोय, असंच वाटत होतं वेडीला.

त्या सोमवारी कागद तिच्या हाती लागलाच नाही. मास्तर तो घेऊन थेट बैठकीत आले आणि एका कंपनीत पैसे गुंतवावेत म्हणून असे काही बोलले, की सगळे ऐकत राहिले. तिचं लक्ष मात्र आकड्यांवर होतं. आकडे तीन वर्षांपूर्वीचे होते! जुनाच अहवाल त्यांनी नेहमीसारखा मागून, मन लावून वाचला होता आणि वरचं साल पाहिलंच नव्हतं. ती कंपनी आता पार डबघाईला आली होती, आणि मोठ्या साहेबांनी सहीसाठी पेन उचललं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हा अहवाल जुना आहे."

"मला शिकवतेस?" मास्तर तडकले. मग त्यांनी पहिलं पान काढलं आणि सालावर बोट ठेवून वाचलं. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाले.

नंतर खोलीत दोघंच उरली. "हे पहिल्यांदा नाही ना?" त्यांनी विचारलं. तिने खणातून ते सगळे मूळ कागद काढून दिले. त्यांनी एकेक तारीख वाचली.

"फेब्रुवारीतच सांगायचंस गं. डॉक्टरकडे गेलो असतो. घरचं सगळं बायकोला समजावून ठेवलं असतं. तेव्हा मला पुष्कळ कळत होतं."

"तुम्हाला दुखवायचं नव्हतं, मास्तर," म्हणताना तिला हुंदका आवरेना.

"रडू नकोस. उद्या मी विसरलो तर पुन्हा सांग. रागावलो तरी सांग."

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर आले. छान दाढी केलेली, चेहऱ्यावर हसू. खुर्चीवर टेकत म्हणाले, "काय गं, कालची बैठक कशी झाली?"

तिने दार लावून घेतलं, त्यांच्यासमोर बसली आणि फेब्रुवारीपासून सांगायला लागली.