बाईसाहेबांच्या खोलीतली घंटा

ऑल्डरकोम हॉल या बड्या घराण्याच्या हवेलीत मिल्ड्रेड चौदाव्या वर्षी मोलकरीण म्हणून आली आणि अकरा वर्षं राबली. पुढे लढाईत तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ झालं, मग मुलींची शाळा भरली, आणि आता वृद्धाश्रम होता. नव्वदीच्या मिल्ड्रेडला नेमकी थोरल्या बाईसाहेबांची, तळ्याकडची खोली मिळाली होती.

उशाशी घंटेचं बटण होतं. तिने त्याला कधी बोट लावलं नाही. परवा एकटीच उठायला गेली आणि पडली.

"मिल्ड्रेड आजी, घंटा काय शोभेला ठेवलीय?" चहा घेऊन आलेली आश्रमातली सेविका डेनिस करवादली.

"अकरा वर्षांत एक कप गरम चहा प्यायले नाही मी! ओठाला लावला की घंटा खणखणायची. बावन्न पायऱ्या चढून यावं, तर काय, पडदा सारायचा! आता मी तुला तशी पळवू होय? बस, तूही घे कपभर."

डेनिस हसून टेकली, तोच शेजारची घंटा वाजली. तिथे, पूर्वीच्या चादरींच्या कोठीत, आता लव्हिनियाबाई राहत होत्या, याच घराण्याची धाकटी लेक. डेनिस उठू लागली.

"बस खाली! पडदाच ओढून हवा असेल, रोजच्यासारखा. आधी चहा संपव," मिल्ड्रेड खुर्चीतूनच गरजली.

डेनिस बसली. घंटा पुन्हा वाजली. मिल्ड्रेडचा चेहरा दगडासारखा होता. खुर्चीखाली तिचे पाय मात्र केव्हाच सपातांत शिरले होते.